क्लबवाल्यांनो, फोटो राहू द्या. आधी मीटिंग घ्या

जून संपत आला की आपल्या तुमसर तालुक्यात दोन गोष्टींची लगबग सुरू होते. शेतात धानाच्या पऱ्ह्यांची आणि हॉलमध्ये पदग्रहण सोहळ्यांची. रोटरी असो की लायन्स, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्यामुळं जुलै उजाडला की नवीन अध्यक्ष, नवीन सचिव, शाल-श्रीफळ, मोमेंटो आणि 'मान्यवरांच्या उपस्थितीत'. त्याच आठवड्यात डॉक्टर्स डेचा सत्कार, वृक्षारोपण आणि वह्यावाटप. चिखल्यासारख्या खाणीच्या गावात राहून बातमीदारी करणाऱ्या माझ्यासारख्याच्या मोबाईलवर या दिवसांत प्रेसनोटांचा पाऊस पडतो.

या क्लबांबद्दल चौकात एक ठरलेली टीका ऐकू येते. "खाण्यापिण्याचे क्लब आहेत बाप्पा! हॉटेलात बसतात, जेवतात अन् सेवा केली म्हणतात."

मला ही टीका पटत नाही. जेवू द्या की! स्वतःच्या पैशानं जेवतात. चार दुकानदार, दोन डॉक्टर, एक मास्तर आणि एक राईस मिलवाला ठरलेल्या दिवशी एका टेबलाशी बसत असतील तर गावासाठी ते चांगलंच आहे. ते भेटतात ही अडचण नाही. हल्ली ते भेटेनासे झालेत, ही अडचण आहे. कार्यक्रम वाढले आणि मीटिंगा आटल्या. फोटोला सतरा जण असतात, मीटिंगला चार. उरलेले व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की सेवाभावी क्लबाचं खरं काम मीटिंगमध्ये होतं. तीच बंद पडली तर शिबिरं होतात, पण सेवा होत नाही. कसं ते सांगतो.

मुळापासून पाहू. २३ फेब्रुवारी १९०५ ला अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा एक वकील आणि त्याचे तीन ओळखीचे एकत्र बसले. एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी आणि एक खाण इंजिनिअर. ही पहिली बैठक त्या खाण इंजिनिअरच्या ऑफिसात झाली. मॉयलच्या खाणीवर जगणाऱ्या आपल्या गावानं हे लक्षात ठेवायला हरकत नाही. हॅरिस लहान गावात वाढलेला. मोठ्या शहरात येऊन वकिली चालली, पण आपली म्हणावी अशी माणसं नव्हती. म्हणून ही भेट. पुढं बैठका आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायला लागल्या, आणि या आळीपाळीवरूनच 'रोटरी' हे नाव पडलं. म्हणजे या संस्थेचं नावच मीटिंगवरून आलेलं आहे, राजेहो. सेवा नंतर आली.

ती कशी आली हेही ऐकण्यासारखं आहे. शिकागोच्या क्लबानं १९०७ मध्ये हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे सार्वजनिक शौचालय. स्वतः बांधून वर नावाची पाटी लावली, असं झालं नाही. शहरात अशी सोय व्हावी म्हणून ते इतर संस्थांना सोबत घेऊन पालिकेच्या मागं लागले. दारूवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा विरोध होता, कारण सोयीसाठी आत आलेलं माणूस काहीतरी विकत घेऊनच बाहेर पडायचं. तरी ते काम झालं. असं काम एका दिवसाच्या कार्यक्रमानं होत नसतं. मागच्या बैठकीत काय ठरलं, पालिकेनं काय उत्तर दिलं, आता पुढं कोण जाणार, हे पुन्हा पुन्हा बसून विचारावं लागतं.

लायन्सचं १९१७ चं. मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकानं सुरू केलेलं. १९२५ च्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी आवाहन केलं की आंधळ्यांच्या बाजूनं उभे राहा. तेव्हापासून लायन्सनं डोळ्यांचं काम धरलं आणि आजवर सोडलेलं नाही. १९५६ मध्ये लायन्स भारतात मुंबईला आलं. आज आपल्याकडं लायन्स म्हटलं की नेत्र तपासणी शिबिर आठवतं, त्याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या त्या एका ठरावात आहे. एकच काम धरून ठेवलं की काय होतं, याचा हा दाखला.

रोटरीत तर हजेरी हा कायदा होता. बैठक दर आठवड्याला. सलग चार चुकल्या तर सदस्यत्व जाण्याची तरतूद. परगावी गेलात तर तिथल्या क्लबात बसून हजेरी भरून काढा. २०१६ मध्ये हे नियम बरेच सैल झाले, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. बदलत्या काळात ते समजण्यासारखं आहे. पण आपल्याकडं काही ठिकाणी महिन्यातून दोनदाचं वर्षातून दोनदा झालं. एक पदग्रहण आणि एक दिवाळी मिलन.

आता कोणी म्हणेल, भाऊ, मीटिंगनं पोट भरत नाही. काम करणाऱ्याला मीटिंग कशाला? त्याला मी पोलिओचं उदाहरण देईन.

रोटरीनं १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवायचं ठरवलं. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. सरकार, आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी ताई, स्वयंसेवक सगळे त्यात. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. बूथवरचा पहिला डोस पाजताना पाहुण्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. पण पोलिओ त्या फोटोनं गेला नाही. बूथ संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरणारी माणसं असायची. बाळाच्या करंगळीवर शाई आहे का पाहायची. ज्या घरातली सगळी बाळं झाली त्या घरावर खडूनं 'पी' लिहायची, आणि एखादं बाळ सुटलं असेल तर 'एक्स'. मग त्या 'एक्स'वाल्या घरी पुन्हा जायचं. बाळ मामाकडं गेलं असेल तर परत आल्यावर जायचं. 'एक्स'चं 'पी' होईपर्यंत.

पोलिओ या 'एक्स'नं हरवला. किती बाळांना डोस दिला यापेक्षा कोणतं बाळ राहिलं, याची यादी ठेवली म्हणून. आता आपल्या क्लबांच्या कार्यक्रमांना एकच प्रश्न विचारू. तुमच्याकडं 'एक्स'ची यादी आहे का?

नेत्र तपासणी शिबिर घ्या. मंडपात मोतीबिंदूची फक्त तपासणी होते. ऑपरेशन दवाखान्यातच होतं आणि तसंच व्हायला पाहिजे. पण या दोन्हींच्या मध्ये एक प्रवास आहे. चिखल्याच्या किंवा सीतासावंगीच्या म्हातारीला आधी तुमसर, मग भंडारा किंवा नागपूर. सोबत कोण जाणार? रोवणीच्या दिवसात पोरगा मजुरी बुडवेल का? ऑपरेशननंतर डोळ्यात औषध कोण टाकणार? पुन्हा तपासायला कोण नेणार? समजा शिबिरात चाळीस जणांना मोतीबिंदू निघाला. चार महिन्यांनी त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं? हा प्रश्न मी एका शिबिराच्या आयोजकांना विचारला होता. त्यांनी मला शिबिराच्या फोटोंचा अल्बम पाठवला. त्याच शिबिराला गेलेली एक आजी मला म्हणाली, "चस्मा देलन, पर डोरा तसाच हाये." माणसं वाईट नव्हती. खर्च त्यांनी खिशातून केला होता. पण शिबिरानंतर त्यांची एकही बैठक झाली नव्हती, मग ती चाळीस नावं वाचणार कोण?

रक्तदानाचंही तसंच, आणि इथं तर प्रश्न जिवाचा आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान १ जुलै २०२३ ला सुरू केलं. नेमकं क्लबांचं नवीन वर्ष सुरू होतं त्याच तारखेला. सिकलसेलच्या काही पेशंटना, थॅलेसेमियाच्या पोरांना पुन्हा पुन्हा रक्त लागतं. बाळंतपणात आणि अपघातात लागतं ते वेगळंच.

आता रक्ताचा हिशेब पाहा. पिशवीतलं रक्त साठवण्याच्या पद्धतीप्रमाणं ३५ ते ४२ दिवस टिकतं. प्लेटलेट्स तर ५ दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार महिने. आणि आपली शिबिरं कधी होतात? १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि साहेबांच्या वाढदिवसाला. एकाच दिवशी चार बॅनरखाली चार शिबिरं. त्या आठवड्यात पिशव्याच पिशव्या. आणि एप्रिल-मे मध्ये कॉलेज बंद, ऊन कडक, लग्नाचा मोसम, तेव्हा पेशंटचे नातेवाईक ग्रुपवर मेसेज टाकत फिरतात, "अर्जंट बी निगेटिव्ह पाहिजे". १५ ऑगस्टची पिशवी मे महिन्यापर्यंत टिकत नाही. शंभर पिशव्यांचं एक शिबिर बातमीला बरं दिसतं. पण महिन्याला आठ-आठ, दहा-दहा पिशव्या वर्षभर, हे पेशंटला जास्त उपयोगाचं आहे. त्यासाठी मंडप नको, पाहुणे नको. एक वही हवी. कोणाचा कोणता गट, शेवटचं रक्त कधी दिलं, पुन्हा कधी देता येईल. आणि ती वही दर महिन्याला उघडणारी बैठक हवी.

वृक्षारोपणावर जास्त बोलत नाही. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवीन अध्यक्ष नवीन रोप लावतात, हा विनोद आता जुना झाला. पण त्यामागचं कारण विनोदाचं नाही. अध्यक्षपद एक वर्षाचं आहे. नियम चांगलाच आहे, कोणी खुर्चीला चिकटत नाही आणि सगळ्यांना संधी मिळते. आपल्या राजकारणानं हा नियम घ्यावा असं मला कित्येकदा वाटतं. पण एक वर्षाचा अध्यक्ष आणि मेलेली मीटिंग हे मिश्रण वाईट. प्रत्येकाला 'माझ्या कारकिर्दीत' काहीतरी नवीन पाहिजे. मागच्याचं अर्धं काम पुढं नेलं तर नाव मागच्याचं होईल, ही भीती. बैठक नियमित असली की काम अध्यक्षाचं राहत नाही, क्लबाचं होतं. वहीत लिहिलेलं असतं, नवीन माणसाला ते वाचावं लागतं.

आणि हे शिकायला शिकागोला जायची गरज नाही. आपला विदर्भ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आहे. मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिला, आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही कितीतरी गावांत होते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सगळे एका ओळीत सतरंजीवर. प्रार्थना झाली की गावाच्या सफाईचं, भांडणतंट्याचं, व्यसनाचं बोलायचं. महाराजांना माहीत होतं की गाव रोज एकत्र बसलं तरच गावाचं काम होतं.

आजच्या काळातलं उदाहरण पाहिजे असेल तर महिला बचत गट पाहा. गटांची पंचसूत्री काय आहे? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पहिला नंबर बैठकीचा! पैशाचा दुसरा. उशिरा आलेल्या बाईला दंड लावणारे गट आहेत. धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायानं येऊन या बाया बैठकीला बसतात, ठराव लिहितात, सह्या करतात. तिथं कोणाचा पदग्रहण सोहळा नसतो. पण गेल्या बैठकीत कोणी किती कर्ज घेतलं आणि आज किती परत आलं, हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. मी क्लबाच्या मित्रांना गमतीनं नाही, खरंच सांगतो, एकदा बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसा. पाहुणे म्हणून जाऊ नका, शिकायला जा.

आता बसायचं कोणी, हाही प्रश्न आहे. रोटरीच्या सुरुवातीचा एक नियम होता. एका धंद्यातला एकच माणूस. उद्देश हा की टेबलाशी सगळं गाव बसावं, एकाच बाजारातले दहा जण नको. हा नियम चिखल्याला लावून पाहा. मॅंगनीजच्या खाणीत पाळी करणारा एक कामगार. एक आशा ताई. एक शिक्षक. एक मासेमारी करणारा ढिवर बांधव. एक किराणा दुकानदार. एक बस कंडक्टर. एक शेतकरीण. असा क्लब झाला तर त्याला नेत्रशिबिरानंतर कोणती म्हातारी राहिली, हे शोधायला सर्व्हे करावा लागणार नाही. आशा ताईला ते माहीतच असतं. पण आजची वर्गणी, हॉटेलचं जेवण, कोट आणि इंग्रजी घोषणा पाहिली की ही माणसं दारातूनच परत जातात. बायकांना रोटरीचं दार १९८९ मध्ये उघडलं. पगारी कामगारासाठी आपल्या तालुक्यात ते कोणत्या साली उघडणार?

काही जण म्हणतील, क्लबात राजकारण नको, प्रश्न विचारणं आमचं काम नाही, आम्ही फक्त सेवा करतो. मला हे मान्य नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. देशभर बातमी झाली. अशा घटनेनंतर श्रद्धांजली वाहणं आवश्यकच आहे. पण दवाखान्यातली आग विझवायची यंत्रणा, वायरिंग, रात्रपाळीचा स्टाफ, याची चौकशी पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, वर्षभर शांतपणे करत राहणारी गावातली जागा कोणती? पत्रकार विचारतो, पण त्याला रोज नवीन बातमी लागते. पुढारी निवडणुकीपुरतं विचारतो. ज्या टेबलाशी डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी आणि वकील बसतात, तो हे काम सगळ्यात चांगलं करू शकतो. शिकागोवाल्यांनी शौचालयासाठी पालिकेचा पिच्छा पुरवला तेव्हा कोणी त्यांना राजकारणी म्हटलं असेलही. पण आज त्यांचं तेच काम अभिमानानं सांगितलं जातं.

टीका करून मोकळा होत नाही. येत्या १ जुलैपासून करण्यासारख्या चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक. बैठकीचा वार, वेळ आणि जागा वर्षभरासाठी ठरवा आणि बाहेर फलकावर लिहा. चहा-बिस्किटावर घ्या, ग्रामपंचायतीच्या सभागृहात घ्या, शाळेच्या वर्गात घ्या. महिन्यातली एक बैठक तुमसरच्या बाहेर. चिखला, गोबरवाही, नाकाडोंगरी, डोंगरी बुजुर्ग अशी फिरती. रोटरी म्हणजे फिरतीच ना?

दोन. प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटं मागच्या कामाची. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार त्याच्यानंतर. कोण राहिलं त्यांची नावं वाचा. राहिलेल्याची जबाबदारी एका सदस्याच्या नावावर लिहा.

तीन. रक्तदात्यांची वही करा. गावनिहाय बारा गट, बारा महिने. मे महिन्याचा गट सगळ्यात आधी ठरवा.

चार. एक काम तीन वर्षांसाठी धरा आणि तीन अध्यक्षांनी मिळून त्यावर सही करा. मोतीबिंदू घ्या, सिकलसेल घ्या, बसथांब्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह घ्या. एकच घ्या, पण तडीस न्या.

माझ्या या भागातल्या क्लबांमध्ये चांगली माणसं आहेत. कोरोनात डबे पोचवणारी, रात्री दोन वाजता रक्त द्यायला उठणारी. या माणसांची ताकद बॅनर, हार आणि मोमेंटोत खर्ची पडते, याचं वाईट वाटतं म्हणून एवढं लिहिलं.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. या महिन्यात तुम्हाला पदग्रहणाची पत्रिका येईल. जरूर जा, टाळ्या वाजवा, जेवा. निघताना नवीन अध्यक्षांचं अभिनंदन करा आणि हळूच दोन गोष्टी विचारा. साहेब, तुमची पुढची मीटिंग कधी आहे? आणि मला येऊन बसता येईल का?